टॅप कोणत्या बाजूला

लीलाधर झोपे धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत आणि देवपुरात राहत. पीएच.डी.साठी त्यांनी चार वर्षं एकाच प्रोग्रॅमवर घातली होती. प्रत्येक सबस्टेशनातल्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप कुठे ठेवला म्हणजे तारांमध्ये वीज कमी वाया जाईल आणि टोकाच्या विहिरीवरही पुरेसं व्होल्टेज पोचेल, हे तो प्रोग्रॅम सांगायचा. टॅप म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतले वेढे कमीजास्त करायची सोय. त्याचे एक ते सतरा आकडे असतात, आणि सबस्टेशनातला ऑपरेटर तो चालू लोडवरच फिरवतो.

एक्क्याण्णव सालच्या मार्चात वीज मंडळाच्या जळगावातल्या कार्यकारी अभियंत्यांनी बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर एका चाचणीला होकार दिला. फैजपूरजवळच्या केळीच्या पट्ट्यात एक सबस्टेशन होतं. प्रोग्रॅमचं म्हणणं होतं, तिथला टॅप नवावरून सहावर न्या. लीलाधर पहाटेची एस.टी. धरून निघाले आणि अकराच्या सुमारास प्रिंटआउटची जाड घडी घेऊन तिथे हजर झाले.

ऑपरेटर सुपडू तायडे तिथल्या पॅनेलसमोर बारा वर्षं बसत होता. त्याने कागद पाहिला आणि हळूच म्हणाला, "सर, सहावर नेलं तर व्होल्टेज उतरीन."

लीलाधरना हे अपेक्षितच होतं. त्यांनी त्याला समजावलं, की तुम्ही फक्त तुमचा ट्रान्सफॉर्मर बघता, पण कॉम्प्युटर भुसावळपासून चोपड्यापर्यंतचं सगळं जाळं एकदम बघतो. सुपडूने मान हलवली आणि टॅप एकेक घर खाली नेला. मीटरचा काटा एकतीस हजार व्होल्टवर होता, तो साडेएकोणतीसवर आला आणि तिथेच थांबला. लीलाधर म्हणाले, थोडं थांबू. वीस मिनिटं थांबले. तेवढ्यात शेतांतल्या मोटरी गुरगुरून बंद पडू लागल्या आणि फाटकाशी सात-आठ माणसं जमली. उखर्डूआबा नावाच्या म्हाताऱ्या बागायतदाराची मोटर जळाली होती. आबांनी कुणाला शिवी दिली नाही. "कोन्ही शिकेल-सवरेल मानूस आलता का इथं?" एवढंच त्यांनी विचारलं. सुपडूने टॅप परत नवावर नेला आणि आबांना सांगितलं, की वरूनच गडबड होती. लीलाधर बाजूला उभे राहून ऐकत होते. खोटं आपल्यासाठी बोललं जातंय याची त्यांना मोटर जळाल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

जळगावच्या साहेबांनी फोनवर एकच वाक्य ऐकवलं, की असले प्रयोग आता कॉलेजातच करा.

पुढचे दोन महिने लीलाधर चूक शोधत होते. कॉलेजात कॉम्प्युटर दोन होते आणि त्यांच्या वाट्याला फक्त मंगळवार-शुक्रवारची दुपार यायची. त्यातही वीज गेली की केलेलं सगळं पुसलं जायचं. विजेच्या जाळ्यावर काम करणाऱ्या माणसाची वीज जावी, यावर स्टाफरूममध्ये रोज नव्याने हसणारे लोक होते. लीलाधरनी आकडे तपासले, तारांची लांबी तपासली, समीकरणं पाठ व्हावीत इतक्या वेळा पुन्हा लिहिली. प्रोग्रॅम मात्र सहा पायऱ्यांत निमूटपणे उत्तरावर यायचा आणि शांतपणे सांगायचा, सहा. बायको लताबाईंनी एकदा जेवताना विचारलं, की तुमचं ते सहाचं नऊ झालं का? लीलाधर ताटावरून उठले, आणि मग आपणच उठलो याचा राग येऊन परत बसले.

त्यात मे महिन्यात गाइडचं पत्र आलं. त्यांना प्रबंधात फेज शिफ्टरवर एक प्रकरण हवं होतं. फेज शिफ्टर हा वेगळ्या जातीचा ट्रान्सफॉर्मर. तो व्होल्टेज वाढवत नाही, त्याची लाट थोडी पुढेमागे सरकवतो आणि त्यातून वीज कोणत्या तारेने किती जावी हे ठरवतो. अख्ख्या खानदेशात असा एकही ट्रान्सफॉर्मर नव्हता. नसलेल्या यंत्राचं मॉडेल कशाला करायचं, हे विचारणारी तीन पत्रं लीलाधरनी लिहिली आणि तिन्ही फाडली. मग चरफडत कामाला बसले.

आणि तिथेच त्यांचा प्रोग्रॅम अडला. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये या टोकाचा त्या टोकाशी असलेला संबंध आणि त्या टोकाचा या टोकाशी असलेला संबंध एकच असतो, म्हणून जागा वाचवायला त्यांनी अर्धाच तक्ता साठवला होता. फेज शिफ्टरमध्ये ते दोन आकडे वेगळे. म्हणजे प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला विचारणं आलं, की बाबा, तुझा टॅप कोणत्या बाजूला? हा प्रश्न त्यांनी चार वर्षांत कधी विचारलाच नव्हता. माहितीचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने भरला होता, आणि फैजपूरच्या ओळीत दोन्ही टोकांची नावं उलट लिहिली होती. टॅप होता उच्च व्होल्टेजच्या बाजूला. पहिलं नाव टॅपच्या टोकाचं धरणारा प्रोग्रॅम तो कमी व्होल्टेजच्या बाजूला समजत होता. वर म्हणजे खाली आणि खाली म्हणजे वर.

ओळ सुलट केली. उत्तर आलं, अकरा. लीलाधरना आनंद झालाच नाही. एवढ्याशा गोष्टीपायी एका माणसाची मोटर जाळली, या विचाराने ते कॉम्प्युटरकडे शत्रूसारखे बघत राहिले.

त्या शनिवारी संध्याकाळी परवानगी न मागता ते पुन्हा फैजपूरला गेले. आधी सुपडूची माफी मागितली, मग अकराचा आकडा सांगितला.

सुपडूने पॅनेलकडे बोट दाखवलं. "सर, संध्याकाळी मी रोज अकरावरच ठेवतो," तो म्हणाला. "बारा वर्सं झाले."

लीलाधर स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, मग संध्याकाळी व्होल्टेज पडल्याच्या तक्रारी तरी का येतात? सुपडूने सांगितलं, की मी अकरावर नेलं की काटा चढतो, पण अर्ध्या तासात पुन्हा उतरतो. का ते मले समजत नाही.

लीलाधरनी प्रिंटआउटची पुढची घडी उघडली. त्याच लाइनवर पुढे एक सबस्टेशन होतं, तिथल्यासाठी प्रोग्रॅमने आठचा आकडा काढला होता. तिथला टॅप सध्या कितीवर असतो, असं त्यांनी विचारलं. सुपडूने फोन फिरवला. तिथला ऑपरेटर पितांबर म्हणाला, चौदा. रोज संध्याकाळी माझं पडायला लागतं, म्हणून मी वर नेतो. दोघं वर्षानुवर्षं एकच वीज आपापल्या बाजूला ओढत होते, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

पितांबरला आठावर यायला सांगणं सोपं गेलं नाही. आपल्या गावातले लोक दगड मारतील असं तो म्हणाला. सुपडूने त्याला जामिनकी दिल्यासारखं सांगितलं, "एक डाव करून पाह्य. नाही जमलं तर परत ने."

सुपडूने आपला टॅप अकरावर ठेवला आणि तिकडे पितांबर एकेक घर खाली येत गेला. इकडे सुपडू आणि लीलाधर काट्याकडे बघत राहिले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. काटा एकतीसच्या थोडा वर गेला आणि उतरला नाही. पितांबरचा फोन आला, की त्याच्याकडेही फारसं पडलेलं नाही. मग त्याने विचारलं, हे असं किती वाजेपर्यंत ठेवायचं?

सुपडूने रिसीव्हरवर हात ठेवून लीलाधरकडे पाहिलं.  त्यांचा प्रोग्रॅम संध्याकाळी सातचं एकच चित्र काढत होता. आठला पंप बंद होणार, नऊला वेगळंच चित्र असणार, आणि त्यातलं प्रत्येक चित्र मंगळवार-शुक्रवारच्या दुपारीच काढावं लागणार.

"मंगळवारी सांगतो म्हणा," ते वैतागून म्हणाले. मग त्यांनी सुपडूकडे ताशी नोंदींचं रजिस्टर मागितलं, खिशातून पेन काढलं, आणि यावलची शेवटची गाडी येईपर्यंत आकडे उतरवत बसले.