अ‍ॅसिडचा पहिला तास

मोठीने डाव्या बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि बाकांच्या रांगेतून चालू लागली. मनगटापासून वर तिची कातडी आक्रसलेली होती, कुठे गुलाबी, कुठे दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली. नववी 'अ'ची मुलं माना पुढे काढून बघत होती.

"नीट बघून घ्या," रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या. "ही आता बारावीत आहे. नववीत असताना याच टेबलावर तिने हे करून घेतलं. मी घसा फोडून सांगत होते, पाण्यात अ‍ॅसिड ओता, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही. सगळ्या वर्गाने ऐकलं. हिने नाही. काय गं, कुठे होतं लक्ष?"

"बाहेर," मोठी म्हणाली. दरवर्षी हेच उत्तर द्यायचं असे.

"बाहेर! आता भूगोलाच्या बाईंना नकाशा कमी पडला की मी हिलाच पाठवते."

वर्ग खदखदून हसला. तिसऱ्या बाकावर तिची धाकटी बहीण बसली होती. तीही हसली, मग ताईकडे बघून तिने ओठ मिटले.

हेच मोठीला नको होतं. सकाळी शिक्षकांच्या खोलीबाहेर थांबून तिने विनवलं होतं, "बाई, या तुकडीत धाकटी आहे. तिच्यासमोर नको." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. "अगं, मग तर यायलाच हवं. घरातल्या माणसाचं बघून पोरं जास्त शिकतात." बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. भाजल्यानंतर त्या रोज दवाखान्यात येऊन उशाशी बसत. बाई होत्या म्हणून पोरीचा हात वाचला, असं आई येईल त्याला सांगायची. घरात बाईंचा शब्द खाली पडत नसे, आणि मोठीच्या हातून साधा कप निसटला तरी आई म्हणायची, "लक्ष कुठे असतं गं तुझं?"

खरं म्हणजे मोठीला त्या दिवसातलं फारसं काही आठवत नव्हतं. चर्र असा आवाज आठवे, जळक्या कापडाचा वास आठवे. बाकीचं सगळं बाईंकडूनच कळलेलं. त्या इतकं तिखटमीठ लावून सांगत की हळूहळू तिलाही आपण खिडकीकडे बघत उभ्या आहोत असं दिसू लागलं होतं. खिडकीतून सायकली दिसत. सायकलींकडेच बघत असणार आपण, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"आता प्रयोग. कोण येतंय?"

धाकटीचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

"हिचीच बहीण ना तू? ये. बघू, घरात एकीचं तरी डोकं ठिकाणावर आहे का."

धाकटीने चष्मा चढवला, अ‍ॅप्रन बांधला. टेबलावर दोन बीकर होते. छोट्याच्या तळाशी तेलासारखं दाट अ‍ॅसिड, मोठ्यात पाणी. बाई वर्गाकडे तोंड करून उष्णता कशी निर्माण होते ते सांगू लागल्या. सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मधेच मागच्या बाकावरच्या दोघांची कुजबुज त्यांना दिसली. त्यांनी त्या दोघांना उभं केलं, त्यांच्या वडलांचा उद्धार केला, पुन्हा बसवलं. आणि मागे वळून न बघता म्हणाल्या, "हं, ओत आता पाणी. सावकाश."

मोठी तेव्हा शेवटच्या रांगेत होती. ते शब्द कानावर पडले आणि ती जागच्या जागी थिजली. हाच आवाज होता. अशीच बाईंची पाठ होती, पदराला खडूची पूड लागलेली. आपण हातात पाणी घेऊन उभ्या होतो आणि खिडकीकडे नाही, या पाठीकडे बघत होतो. ओत आता पाणी, असं बाई म्हणाल्या होत्या, म्हणून आपण ओतलं होतं.

धाकटीने मोठा बीकर उचलून छोट्यावर तिरपा केला.

मोठी धावली. बाकाचा कोपरा तिच्या मांडीत घुसला. तिने धाकटीचं मनगट धरून हिसडलं तसं सगळं पाणी फरशीवर आणि बाईंच्या पायांवर सांडलं. अ‍ॅसिडमध्ये थेंबही पडला नाही.

बाई वळल्या. त्यांनी ओल्या फरशीकडे बघितलं, मग छोट्या बीकरकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण वेळ मारून न्यायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"पाहिलंत?" त्या वर्गाला म्हणाल्या. "मुद्दाम चुकीचं सांगितलं मी. म्हटलं बघू, कुणाच्या ध्यानात येतंय. एवढ्या जणांत एकीच्या आलं, आणि तेही हात भाजून घेतल्यावर. वाजवा टाळ्या."

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तास संपल्यावर धाकटीने तिला दाराबाहेर गाठलं. तिचे डोळे भरून आले होते.

"सगळ्यांसमोर मला मूर्ख ठरवलंस तू."

"अगं, बाईंनी तुला काय सांगितलं, ऐकलंस ना?"

"त्या परीक्षा घेत होत्या, ताई."

"आणि तू ओतलं असतंस तर?"

"थांबवलं असतं त्यांनी. बाई आहेत त्या!" धाकटी म्हणाली. "माझं लक्ष होतं. मी काय तुझ्यासारखी आहे?"

तेवढ्यात बाई दोन्ही बीकर ट्रेमध्ये घेऊन बाहेर आल्या. त्यांनी धाकटीचा गाल थोपटला.

"रडायचं नाही. पुढच्या वर्षी ताई नसेल शाळेत. मग नववीला आजची गंमत सांगायला तूच ये."

"खरंच, बाई?" धाकटीने डोळे पुसले आणि ती उड्या मारत मैत्रिणींकडे पळाली.

पुढचा तास नववी 'ब'वर होता. या वर्गात आपण जायचं नाही, काय व्हायचं ते होवो, असं मोठीने टाळ्या चालू असतानाच ठरवलं होतं. शेजारच्या वर्गाच्या दारातून तिला नववी 'ब'ची मुलं दिसत होती. पहिल्या बाकावरची एक बारकीशी मुलगी आत्तापासूनच अ‍ॅप्रन बांधून बसली होती.

तिने बाईंच्या हातून ट्रे काढून घेतला.

"बाई, मी फिरणार नाही रांगांतून. टेबलाशीच उभी राहते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी वाकून साडीचा ओला काठ पिळला.

"राहा," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग दाराशी पोहोचल्यावर थांबल्या. "पण हात जरा उंच धर. मागच्या बाकांना दिसायला हवा."