बाखने ओस्करीला कामावरून काढलं

बाख फिनलंडमधल्या वासा शहरात आला तेव्हा त्याच्या बॅगेत गरम कपडे कमी आणि मुगाच्या वड्यांची खोकी जास्त होती. ती त्याच्या आईने कोंबली होती. आमच्या देशात, नाम दिन्हमध्ये, तिचं हेल्मेटचं दुकान आहे. मुलाने फिनलंडला जाऊन धंद्याचं रीतसर शिक्षण घ्यावं, हा तिचाच हट्ट. मी त्याच कॉलेजात त्याच्या आधी आलेली, आणि विद्यार्थ्यांच्या इमारतीत आमचं स्वयंपाकघर एकच, म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्याची सुएनताई झाले.

हिशेब, बाजारपेठ, जाहिरात, सगळं त्याने भराभर उचललं. अडला तो 'नेतृत्व' या विषयात. तो शिकवायला रितवा नावाच्या बाई होत्या. त्या प्रत्येकाकडून एक नाटुकलं करून घ्यायच्या. बाखच्या वाट्याला आलं ते असं: सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, पाणी ओतायच्या लाकडी बादल्या करणारी एक कंपनी आहे, बाख तिचा मॅनेजर, आणि त्याने एका कामगाराला नोकरीवरून काढायचं. कामगार झाला ओस्करी. हा वर्गातला फिनिश मुलगा, खिडकीशी बसणारा. तो बोलला असं कुणाला आठवत नव्हतं.

बाखने त्याला समोर बसवलं.

"जेवलास का?"

"हो."

"घरी सगळे बरे?"

"हो."

"आईचे गुडघे वगैरे?"

"बरे आहेत."

मग बाखने यंदाच्या थंडीबद्दल विचारलं, कंपनीला ओस्करीबद्दल किती आदर आहे ते सांगितलं, आणि तू फार दमलेला दिसतोस, वाटलं तर जरा विश्रांती घे, असं म्हणून उठून त्याला दारापर्यंत सोडलं.

रितवाबाईंनी विचारलं, "ओस्करी, काय झालं तुझं?"

ओस्करीने विचार केला. "मला सुट्टी मिळाली," तो म्हणाला. "बहुतेक पगारी."

बाई म्हणाल्या, "बाख, पुढच्या आठवड्यात पुन्हा कर. या वेळी त्याला कळलं पाहिजे."

त्या संध्याकाळी मी भात लावत असताना तो येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "चल, मला काढ."

"तुला कसं काढू, ताई? कालच तू मला सूप दिलंस."

"मी सूप देणारी नाही. मी बादल्या करणारी बाई आहे. काढ."

त्याने हात जोडल्यासारखे पुढे धरले. "ताई, उद्यापासून आपण आला नाहीत तरी चालेल."

"म्हणजे आले तरी चालेल?"

"आलात तर चहा घेऊन जा."

मी डाव ओट्यावर आपटला. "अरे, तू मला काढतोयस की घरी बोलावतोयस?"

आठवडाभर हेच चाललं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तो मला काढायचा आणि शेवटी माफी मागायचा. मी एकेक वाक्य छाटत गेले. अखेर दोनच वाक्यं उरली. दोन्ही माझी. तिसरं त्याने ऐन वेळी मनाने घातलं.

वर्गात तो ताठ बसला आणि ओस्करीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "तुला कामावरून काढलं आहे. आजपासून. कारण हे काम तुला जमत नाही आणि आवडतही नाही."

ओस्करीने मान हलवली. "बरं," म्हणाला. उठला, कोट घातला, टोपी घातली आणि दार हळूच लावून बाहेर पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रितवाबाई तर दोघांवरही खूश झाल्या.

ओस्करी मात्र परत आला नाही. तासालाही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटला तसं बाखचं जेवण सुटलं. त्याने फोनवर 'कुठे आहेस?' असं लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'कामावर. नार्पेस.'

रितवाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काढलंस तू. तूच जाऊन बघ."

शनिवारी बाखने वड्यांचं एक खोकं घेतलं आणि बस पकडली. नार्पेस हे फिनलंडमधलंच, पण स्वीडिश बोलणारं गाव; तिथे टोमॅटोची काचघरं आहेत, आणि त्यांत काम करणाऱ्या निम्म्या बायका आमच्याच देशातल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आत दिवे आणि ऊब. ओस्करी शिडीवर उभा राहून वेल बांधत होता. खाली त्याला काम शिकवणारी न्हानमावशी उभी होती. आमच्याकडच्या क्वांग बिन्ह प्रांतातली, ठेंगणी, आवाज मोठा. ती त्याला मोडक्या स्वीडिशमध्ये झापत होती आणि तो मान डोलवत होता.

बाखने नाव सांगताच तिने कात्री खिशात घातली.

"तूच का तो साहेब? या पोराला काढणारा?"

"मावशी, ते नाटक होतं. तशी कंपनीच नाहीये."

"कंपनी नाही, मग काढलंस कुठून?"

"बादल्यांच्या कामावरून."

"बादल्या तरी आहेत?"

"त्याही नाहीत."

"ऐकलंत का गं?" मावशीने ओळीतल्या बायकांना हाक मारली. "नसलेल्या बादल्यांपायी याने चांगल्या पोराच्या पोटावर पाय दिला. आणि हे शिकायला आईबापाने धाडलंय."

बायका गोळा झाल्या. एकीने विचारलं, याला निदान नोटीस तरी दिली होतीस का. दुसरी म्हणाली, तोंडावरून तर सज्जन वाटतो. बाख घामाघूम झाला. कोट काढायचंही त्याला सुचेना.

"परत घे त्याला," मावशी म्हणाली. "आत्ता. आमच्यासमोर."

बाखने वर बघितलं. "ओस्करी, कंपनी तुला परत कामावर घेत आहे."

"पगार?" ओस्करीने विचारलं.

बाखने एक आकडा सांगितला. मावशीने त्याच्या बरगडीत कोपर मारलं. त्याने वाढवला. दुसऱ्या बाईने खोकून दाखवलं, त्याने पुन्हा वाढवला. शेवटी त्या कंपनीत बादल्या ठोकणाऱ्याला मालकापेक्षा जास्त मिळू लागलं.

ओस्करी शिडीवरून उतरला. हातमोजे काढले. "नको," म्हणाला.

"का रे?"

"मला बादल्या आवडत नाहीत. टोमॅटो आवडतात." मग तो इतकं बोलला की बाखला आधी वाटलं, दुसराच कुणी बोलतोय. "तू म्हणालास, हे तुला जमत नाही आणि आवडतही नाही. मी दोन वर्षं वर्गात बसलो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी नाही, बाईंनी नाही. मी घरी गेलो आणि पिशवी भरली."

"अरे, ते मी नाटकात म्हणालो."

"माहीत आहे."

"मग?"

"खरं होतं," ओस्करी म्हणाला.

न्हानमावशीने वडीचं खोकं उघडलं, एक खाऊन बघितली, आणि जेवायला चला म्हणाली. जेवताना ओस्करी माशाच्या चटणीत काकडी बुडवून खात होता. वाटीत चार शितं उरली म्हणून मावशीने त्याला दटावलं. तो आमच्या भाषेत "हो, मावशी" म्हणाला. उच्चार थेट क्वांग बिन्हचा.

सोमवारी रितवाबाईंनी विचारलं, "म्हणजे नक्की झालं काय? तू काढलंस की तो सोडून गेला?"

"मी काढलं," बाख म्हणाला. "मग परत घेतलं. मग त्याने नकार दिला."

बाईंनी गुणांची वही काढली. मग त्यांनी त्याला सगळ्यांत वरची श्रेणी दिली. काढणं, भरती आणि पगाराची बोलणी, तिन्ही धडे त्याने एका दमात केले, असं त्यांचं म्हणणं पडलं. वर्गात इतर मुलं त्याच्याशी जरा जपून वागू लागली. नाटुकल्यात त्याचा कामगार व्हायला कुणी तयार होईना.

त्या रात्री आम्ही मावशीने दिलेले वेडेवाकडे टोमॅटो चिरत होतो. मी विचारलं, "अजून वाईट वाटतंय का रे?"

"वाईट नाही," तो म्हणाला. "तो आहे तिथे ठीक आहे." त्याने एका टोमॅटोचं देठ काढून टाकलं. "पण ताई, तो वर्गात गप्प बसायचा ना, ते बरं वाटायचं. आता वर्ग फार बोलतो."