तीन तारखेची दशमी

आयुधपूजेच्या दिवशी आमच्या कारखान्यात माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरलाही चंदनाचा टिळा लागतो. खाली लेथ, क्रेन, भट्टी, सगळ्यांना झेंडूच्या माळा. त्या दिवशी कुणी बटण दाबत नाही. वर्षभर राबणाऱ्या यंत्रांचा तो विसावा.

एकतीस वर्षं मी कोइमतूरच्या या पंपांच्या कारखान्यात कराचं काम बघितलं, आणि एकतीस पूजांना मनोभावे हात जोडले. शेवटच्या वर्षी मात्र माळ घातलेल्या एका यंत्रासमोर उभा राहिलो आणि हात जोडायचे सोडून तारखा मोजू लागलो.

यंत्र जर्मनीचं, अकरा कोटींचं. पंपाचं लोखंडी कवच कापून घडवणारं. असं नवं यंत्र तीन ऑक्टोबरपर्यंत खरोखर कामाला लागलं, तर वर्षाचा पूर्ण घसारा, म्हणजे झिजेपोटीची करसवलत, मिळतो. चार तारीख उजाडली की निम्माच. त्या वर्षीच्या करात फरक साठेक लाखांचा. माझ्या हाताखालच्या तेन्मोळीनं जूनमध्येच मुदलाळींना, म्हणजे आमचे मालक वेलुसामी गौंडर यांना शब्द दिला होता, की यंत्र वेळेत चालेल. जहाज केव्हा सुटावं, पाया केव्हा भरावा, सगळं तिनं तीन तारखेपासून उलट मोजत आणलं होतं. पण यंत्राचं पॅनेल तुतुकुडीच्या बंदरात नऊ दिवस अडकलं आणि बसलं एक तारखेच्या संध्याकाळी.

दोन तारखेला आयुधपूजा. तीनला विजयादशमी. दोन्ही दिवस कारखाना बंद.

ही चूक आमच्या धंद्यातल्यांनीच करावी. तेन्मोळीच्या भिंतीवर तारखांचा मोठा तक्ता होता. आगाऊ कराचे हप्ते, विवरणपत्रं, सगळं लाल शाईत. त्यात सण एकही नव्हता. आणि मी? नवरात्राच्या नऊही संध्याकाळी देवळात हरिकथेला पहिल्या रांगेत बसणारा, तिथी जिभेवर असलेला माणूस. पण ऑफिसात शिरताना पंचांग छत्रीसारखं बाहेर ठेवायची सवय. दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

पूजा आटोपल्यावर मुदलाळींनी आम्हा दोघांना वर बोलावलं. पुढ्यात चुरमुऱ्यांची ताटली होती.

"चेन्नईवाल्यांशी, त्या करसल्लागार कंपनीशी, बोललो," ते म्हणाले. "इंजिनिअरचा दाखला घ्या म्हणतात, एक तारखेला यंत्र चाललं असा. सगळे घेतात."

"मुदलाळी, कागद मी आत्ता टाइप करून देते," तेन्मोळी म्हणाली. "उद्या अधिकारी विजेच्या मीटरचा आकडा मागेल. पहिला नग कुठाय विचारेल. तेव्हा त्याला काय, चुरमुरे देऊ?"

मुदलाळींच्या घशात चुरमुरे अडकायचे राहिले. मग ते माझ्याकडे वळले. "वैद्यनाथन, डिसेंबरात तुम्ही निवृत्त होणार. तुमच्यामागे हे सगळं काम चेन्नईला द्यावं म्हणतोय. ते कागद देतात, बिल लावतात, भांडत नाहीत. घरात कराचं माणूस पोसायचं कशाला, मला कुणी सांगेल?"

आम्ही बाहेर पडलो. तेन्मोळी जिना उतरताना म्हणाली, "सर, चेन्नईच्या तसल्याच कंपनीत मी चार वर्षं होते. शंभर कारखान्यांचे कागद बघितले. कारखाना एकही बघितला नव्हता. परत नाही जायचं मला."

त्या पोरीला पहिल्या दिवशी मी फाइली द्यायच्या आधी भट्टी दाखवली होती. तेव्हा ती घाबरून माझ्या मागे लपली होती. आता ओतकाम करणारे तिला घरच्या जमिनीचे कागद दाखवायला येतात.

त्या संध्याकाळी मी तिला हरिकथेला ओढून नेलं. दुसरं काय करणार होतो? नववा दिवस. कथा सांगणारे भागवतर सरस्वतीचं आख्यान लावत होते. मृदंग थांबला, चिपळ्या थांबल्या, आणि ते हळूच म्हणाले, "आज वीणा पाटावर ठेवलीत, फुलं वाहिलीत. उद्या दशमीला ती उचलून एक तरी सूर लावा रे. आई निजून थोडीच राहणार? तिच्या हाताला काम दिलंत की पूजा पुरी." आणि मग तोच सूर असा काही लावला, की माझे डोळे भरून आले.

पुसून बघतो तर शेजारची जागा रिकामी!

बाहेर प्रसादाच्या सुंडलच्या, उकडलेल्या हरभऱ्याच्या, द्रोणांपाशी तेन्मोळीनं आरुमुगम मेस्त्रींना गाठलं होतं. नवं यंत्र चालवायचं शिक्षण घेतलेला एवढा एकच माणूस. त्यांची बायको कुप्पम्मा त्यांना दरवर्षी कथेला धरून आणते.

"कण्णु, पोरी, दुप्पट पगाराचं बोलणार असशील तर बोलू नकोस," मेस्त्री म्हणत होते. "पहाटेच्या बसनं आम्ही पोल्लाचीला चाललो, लेकीकडे."

"पगाराचं नाही, मेस्त्री. आज यंत्राला माळ तुम्ही घातलीत. उद्या त्याला उठवणार कोण?"

"सोमवारी आल्यावर उठवतो की. दरवर्षी तसंच करतो."

"दशमी सोमवारी असते का?"

मेस्त्रींनी द्रोणातला हरभरा उगाच इकडचा तिकडे केला.

"खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "उद्या ते चाललं तर कराचाही फायदा आहे. माझी नोकरीही त्यात आहे. पण नाही म्हणालात तर मी रुसणार नाही."

मेस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐया, देवीलासुद्धा घसारा लागतो का हो?"

कुप्पम्मानं त्यांच्या हातातला द्रोणच काढून घेतला. "पोरीची चेष्टा पुरे. लेक काही पळून जात नाही. दुपारच्या बसनं जाऊ."

दशमीला सकाळी नऊला आम्ही हजर, कुप्पम्माही बसची पिशवी घेऊन. वीजवालाही आला. त्याच्या जोडण्या तपासून होईतो साडेदहा झाले, शुक्रवारचा राहूकाळ लागला, आणि तो संपल्याशिवाय मेस्त्री बटणाला हात लावेनात. तेन्मोळी घड्याळाकडे बघून नखं खात होती. बारा वाजून पाच मिनिटांनी मेस्त्रींनी माळ उतरवली, कापूर लावला, यंत्र सुरू केलं.

पहिलं कवच वाया गेलं. कडा कमी कापली गेली. मेस्त्रींनी जर्मनांच्या सात पिढ्या काढल्या, पाणी प्यायले, मोजमापं पुन्हा बसवली. दुसरं कवच उतरलं तेव्हा दोन वाजून गेले होते. त्यांनी ते गेजनं तीनदा मोजलं आणि लेकराला द्यावं तसं तेन्मोळीच्या हातात दिलं. गरम होतं. तिनं सोडलं नाही.

मुदलाळी देवळातून परस्पर आले, कपाळावर विभूती तशीच. तिनं लिहिलेली वही त्यांनी वाचली: मीटरचा आधीचा आकडा, नंतरचा, वेळ, मेस्त्रींची सही.

"पहिला नग खराब झाला, हे कशाला लिहिलंस?"

"झाला म्हणून."

त्यांनी वही मिटून तिच्या हातात परत दिली. मग ते दुसरं कवच उचलून घेऊन गेले आणि स्वतःच्या हातानं देवीच्या तसबिरीपुढे ठेवलं. परतताना माझ्यापाशी थांबले. "चेन्नईवाल्यांना काही कळवू नका. आणि डिसेंबरात तुमची खुर्ची हलवू नका. तिला उंच होईल, पाय कापून घ्या."

हे सांगायला मी वर गेलो. तेन्मोळी खुर्चीवर चढून भिंतीवरच्या तक्त्यात काहीतरी लिहीत होती. खाली कुप्पम्मा खुर्ची धरून उभी, बसची वेळ विसरून.

"सर, बरं झालं आलात," ती वरूनच म्हणाली. "पुढच्या वर्षीची दशमी कधी?"