कानदेलाची नीळ

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं असतं तर तोवर तुम्ही माझी बाजू घेतली असती, आणि ते मला नको आहे.

मी निवाल्दो. सांता क्लारात आमच्या गल्लीत टीव्ही, पंखे, मिक्सर, आणि लोकांनी केव्हाच फेकून द्यायला हवं होतं असं बाकीचं सगळं दुरुस्त करतो. समोरच्या घरात ओरेस्तेस राहतो. त्याने चाळीस वर्षं बाहुल्यांचं थिएटर चालवलं, म्हणून सगळे त्याला मेस्त्रो म्हणतात. त्याच्या बाहुल्या वाळवीने खाल्ल्या आणि डोळे साखरेने. जुलैमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मुलीला, इलेआनाला, बाजूला घेऊन सांगितलं, की वर्ष संपेपर्यंत डोळे साथ देतील, त्यापुढचं काही विचारू नकोस.

इलेआना तेव्हा बापाच्या बाहुल्या कॉम्प्युटरवर पुन्हा उभ्या करत होती. सहा मिनिटांची फिल्म. त्यात एक धोबीण, कानदेला, मेस्त्रोची सगळ्यांत लाडकी. जुने फोटो काळेपांढरे, त्यामुळे रंग मेस्त्रोच्या डोक्यातून काढावे लागत. तो टीव्हीला नाक लावून बसायचा आणि बापलेकीचं जुंपायचं.

"हा आभाळाचा झाला."

"पपा, मघाशी तुम्हीच गडद कर म्हणालात."

"गडद म्हणालो, पोलिसाच्या निळ्या गणवेशाचा नाही म्हणालो! आणि हा आता शाळेतल्या पोरींचा झाला. नीळ गं, नीळ. तुझी आई चादरी शेवटच्या पाण्यातून काढायची ती. घागऱ्याला तोच रंग हवा."

"आईला जाऊन एकवीस वर्षं झाली. मला काय आठवणार?"

"मला आठवतंय ना. म्हणून तर घाई करतोय."

टीव्हीला नाक लावायचं कारण असं, की इलेआनाच्या लॅपटॉपची स्क्रीन दोन वर्षांपूर्वी गेली होती. चित्र टीव्हीवर यायचं. टीव्हीचा आवाज त्याच्याही आधी गेलेला, त्यामुळे आवाज लॅपटॉपमधून. दोघांचं मिळून एक यंत्र व्हायचं, आणि आमच्याकडे एवढं पुष्कळ झालं.

कानदेला तयार झाली, हालचाली तयार झाल्या. राहिलं शेवटचं काम, एकेक चित्र पक्कं करून घेणं. चित्रं होती साडेचार हजारांच्या आसपास आणि लॅपटॉप एका चित्राला वीस मिनिटं घेत होता, तोही धापा टाकत. दिवसाला आठ तास वीज मिळाली तर आम्ही स्वतःला नशीबवान समजतो. इलेआनाने हिशेब करून कागद माझ्यासमोर ठेवला. फेब्रुवारी.

"फेब्रुवारीत ते काय बघणार, निवाल्दोकाका?" एवढंच म्हणाली.

ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे काखेत एक पिशवी घेऊन आली. देश सोडून चाललेल्या एका मुलाला तिने आपली सायकल दिली होती आणि बदल्यात डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. विटेएवढं, दोन पंख्यांचं.

"हे ह्या लॅपटॉपमध्ये बसवून द्या."

"ह्याच्यात? पोरी, ह्याच्यात माझं पाकीट बसणार नाही."

"मग बाहेर बसवा. तुम्हीच म्हणता ना, निवाल्दोला जमत नाही असं काही जन्माला आलेलं नाही?"

मी तसं म्हणतो, हे खरं आहे. हीच माझी खोड आहे.

लॅपटॉपचं पोट उघडलं. वायफायची छोटी पट्टी काढली आणि तिच्या जागी एक जोडणी बसवून तिची चपटी केबल कडेच्या फटीतून बाहेर घेतली. केबलच्या टोकाला कार्ड. कार्डाला लागणारी वीज लॅपटॉप कुठून देणार? त्यासाठी एका मेलेल्या डेस्कटॉपचा वीजपुरवठ्याचा डबा जोडला. कार्ड उभं धरायला काही सापडेना, तेव्हा मेस्त्रोने आतून बाहुलीचे धागे बांधायची लाकडी फुली आणून दिली. मग त्या सगळ्या पसाऱ्यावरून हात फिरवून म्हणाला, "ह्या बाईचे धागे फार जाड आहेत, निवाल्दो. नाचायची नाही."

नाचली! एका मिनिटाला एक चित्र. इलेआनाने माझ्या टकलाचा मुका घेतला. दहा दिवसांत फिल्म पुरी झाली असती.

पण बाराव्या चित्राला वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर जिवंत राहिला, कार्ड मेलं, आणि कार्ड अचानक हरवल्यामुळे लॅपटॉप भांबावून गोठला. पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी मी म्हटलं, हे सगळं उचलून मिग्दालियाकडे नेऊ.

मिग्दालियाचं घर इस्पितळाच्या लाइनवर आहे. इस्पितळाची वीज जात नाही, म्हणून तिचीही जात नाही. ह्या एका गोष्टीमुळे तिला गावात जेवढ्या मैत्रिणी आहेत तेवढ्या कुणालाच नसतील. फ्रीजमधलं मांस, इन्शुलिन, मोबाइल, सगळं लोक तिच्याकडे आणून ठेवतात. आम्ही तिन्ही वस्तू आणि टीव्ही एका हातगाडीवर घालून नेल्या. वर चादर.

"अगं बाई, कोण वारलं?" मिग्दालिया दारातूनच ओरडली.

"तुझी जीभ वारली तर बरं होईल, मिग्दालिया. प्लग दाखव."

आमच्या घरांत दोन्ही वीज असते. पंख्याटीव्हीला एकशे दहा, एसीला दोनशे वीस. प्लगची भोकं मात्र सारखीच, म्हणून जो तो दोनशे वीसच्या प्लगवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. मी तर सगळ्या गल्लीला बजावत असतो, की ठिपका असो वा नसो, टेस्टरने व्होल्ट तपासल्याशिवाय काही खुपसू नका. आणि माझ्या डब्याच्या पाठीवरचं जुनं बटण एकशे दहावर होतं.

मिग्दालियाच्या नातीला त्याच आठवड्यात पंधरावं लागलं होतं. पंधराव्याची पार्टी म्हणजे घरचं लग्नच. त्यासाठी भिंतींना गुलाबी रंग दिला होता आणि रंगाऱ्याने प्लगवरूनही ब्रश फिरवला होता. ठिपके रंगाखाली गेले. मला भिंतीवर कुठेच लाल दिसलं नाही, म्हणून मी समजलो की ठीक आहे. टेस्टर माझ्या घरी होता. आणायला दहा मिनिटं लागली असती. पण मिग्दालिया बघत होती, तिच्या मैत्रिणी बघत होत्या, आणि तीस वर्षं वीज हाताळलेल्या माणसाने टेस्टर विसरलो म्हणायचं?

खुपसला.

डब्यातून बार निघाल्यासारखा आवाज आला, निळी ठिणगी, मग जळका वास. डब्याने जाता जाता कार्डालाही नेलं. लॅपटॉपच्या चार्जरला दोन्ही वीज चालतात, तो वाचला. मिग्दालियाचा फ्यूज उडाला, तिच्या फ्रीजमध्ये अर्ध्या गावाचं मांस होतं, आणि तिने आम्हाला हातगाडीसकट बाहेर काढलं. तिला दोष देत नाही.

वाटेत इलेआना रडली नाही, ओरडली नाही. उलट मीच म्हणत होतो, ओरड.

"पपांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना वाटू दे की कार्ड चालू आहे."

त्या दिवसापासून लॅपटॉप एकटाच काम करू लागला. वीज आली की इलेआना तो लावायची, गेली की थांबवायची. मेस्त्रोने उशिराचं विचारलं की खापर विजेवर फोडायची. मी दुसऱ्या कार्डासाठी गावभर फिरलो. मिळालं नाही. नोव्हेंबरात मेस्त्रो कॉफीचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवू लागला. विचारलं की म्हणायचा, दिसतंय रे, आकार दिसतात, उजेड दिसतो. इलेआना त्यावर विश्वास ठेवून होती. मीही ठेवला. ठेवला नसता तर झोप लागली नसती.

फेब्रुवारीच्या एका रविवारी, दिवेलागणीला, फिल्म दाखवली. आम्ही तिघंच होतो. मेस्त्रोने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि टीव्हीसमोर ताठ बसला होता. कानदेला आली, बादली आपटली, गुणगुणायला लागली. मी तिच्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होतो. तो हसत होता, बरोबर हसायच्या जागी.

दोनेक मिनिटं झाली आणि वीज गेली.

आमच्या गल्लीत वीज येते तेव्हा लोक ओरडतात. जाताना आता कुणी काही म्हणत नाही. टीव्ही काळा झाला, खोली काळी झाली. बॅटरीवरच्या लॅपटॉपमधून कानदेलाचं गुणगुणणं मात्र चालूच राहिलं, पाणीही सांडत राहिलं. इलेआना थांबवायला उठली.

"बघ, बघ!" मेस्त्रो पुढे वाकून म्हणाला. "आता वळली. हीच ती, इले. हीच नीळ. तुझ्या आईने बघायला हवी होती."

इलेआना अंधारात उभीच राहिली.

"हो, पपा," ती म्हणाली आणि खाली बसली.

"निवाल्दो, तुझ्या कार्डाने केलं हं हे. नाहीतर मी कुठला बघतोय."

मी म्हणालो, "छान दिसतेय, मेस्त्रो."

उरलेली चार मिनिटं आम्ही तिघांनी काळ्या टीव्हीकडे बघत काढली. गाणं संपलं. मेस्त्रोने टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. आणि तेवढ्यात बाहेर गल्लीच्या टोकापासून टोकापर्यंत लोक ओरडले, "आली! आली!"

मेस्त्रोचे हात हवेतच थांबले.

"गेली होती?" त्याने विचारलं.

डोक्यावरचा दिवा लागला होता. इलेआनाचा चेहरा ओला होता आणि तिने तो पुसलाही नाही, पुसायची गरजच नव्हती.

"आत्ताच, पपा," ती म्हणाली. "टाळ्यांच्या वेळी गेली."

तो माझ्या बाजूला वळला, माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे.

"खरं का, निवाल्दो?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, आणि मोठ्याने म्हणालो, "खरं, मेस्त्रो."