बारा दातांचा चमत्कार

पार्सलवाल्याची धाकटी बहीण नोकरीसाठी समुद्रापार गेली, त्या वर्षाची ही गोष्ट. ती गेली आणि त्याच्या आजारी बायकोजवळ बसणारं घरात कुणी उरलं नाही.

त्याच वर्षी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात वेगमहाराज अवतरले. सकाळी आठपासून फाटकाबाहेर मोटरसायकलींची ही रांग! दूधवाले, गॅसवाले, पार्सलवाले, सगळे आपापल्या थकल्या गाड्या ढकलत उभे.

"गाडी म्हणजे काय रे? लोखंडाचा देह!" महाराज कर्ण्यावरून गरजायचे. "मी त्यात प्राण भरतो, प्राण! डोळे मिटा. पाऊण तास ब्र काढू नका. शंका आली की शक्ती गेली!"

मालक सतरंजीवर डोळे मिटून बसायचे. गाडी पडद्याआड जायची. आत कसला खडखडाट व्हायचा, तो कर्ण्याच्या गजरात बुडून जायचा.

पार्सलवाल्याची गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर तिसऱ्या गिअरात धापा टाकायची. पडद्याआडून बाहेर आली ती त्याच गिअरात बाणासारखी वर गेली. पार्सलवाले गाडी चढावरच पारखतात. सपाटीवर काय, गाढवही पळतं, असं त्यांचं म्हणणं. त्याचे डोळे भरून आले. तसाच मागे फिरून तो महाराजांपुढे हात जोडून उभा राहिला.

"महाराज, बायकोला क्षय झालाय. तीन महिने गोळ्या चालल्यात. ती पार वाळून गेली."

"लोखंडात प्राण भरला, तो हाडामांसात भरणार नाही?" महाराजांनी अंगठ्यांनी लगडलेला हात उचलला. "पण एका देहात दोन शक्ती नांदत नाहीत. गोळ्या आजपासून बंद!"

घरी येऊन त्याने गोळ्यांचा डबा कपाटावर, बायकोचा हात पोचणार नाही असा ठेवला.

"अहो, एकही दिवस चुकवू नका म्हणाले होते डॉक्टर," ती म्हणाली.

"डॉक्टरांनी गाडी चढवून दाखवली का?"

तिने कपाटावरच्या डब्याकडे पाहत विचारलं, "मीसुद्धा अशी चढेन ना हो पुन्हा?"

पहिले काही दिवस ती हसतखेळत होती. मग ताप परतला. गोळ्या थांबल्यापासून चौथ्या महिन्यात उशीवर रक्ताचे डाग दिसू लागले. तो रोज महाराजांकडे धावायचा. "विश्वास कमी पडतोय," महाराज सांगायचे. मग तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि आपल्यात विश्वास कुठे कमी पडला ते शोधत राहायचा.

त्या सुमारास बायकोची थोरली बहीण आली. ती गिअर कापायच्या कारखान्यात वीस वर्षं यंत्रावर उभी होती. बहिणीला पाहताच तिने गोळ्या कुठे आहेत ते विचारलं. कपाटावरचा डबा आधी खाली आला. मग तिने सगळं विचारून घेतलं.

"जावईबापू, सपाटीवर किती पळते हो तुमची गाडी?"

"पूर्वी ऐंशी जायची. आता सत्तरलाच किंचाळायला लागते. महाराजांनी लगाम घातलाय, अपघात होऊ नये म्हणून."

"आणि पेट्रोल?"

"जास्त लागतं. शक्तीला खाद्य लागतंच ना, ताई."

"वा! लगाम त्यांचा, शक्ती त्यांची, पेट्रोल तेवढं तुमचं!"

तिने पान्याने इंजिनाच्या डाव्या बाजूचं झाकण काढलं. आत चेन ओढणारं छोटं दातेरी चक्र होतं. आजूबाजूला वर्षांचं काळं ग्रीस, आणि चक्र मात्र नवंकोरं. तिने एका दातावर खडूने खूण केली आणि चाक हळूहळू फिरवत मोजलं. कारखान्यात तसंच मोजतात, म्हणजे एकच दात दोनदा मोजला जात नाही.

"बारा," ती म्हणाली. "या गाडीला चौदा येतात. आम्हीच कापतो."

दुसऱ्या दिवशी ती पार्सलवाल्याच्या गाडीवर मागे बसून फाटकाशी गेली. गॅसवाल्याची गाडी आत जाण्याआधी तिने सगळ्यांदेखत मोजले, चौदा. पाऊण तासाने बाहेर आल्यावर मोजले, बारा.

"या बाईची दृष्ट लागली!" महाराज ओरडले.

"दृष्टीने दात पडतात होय? मग तुमचे अजून कसे शाबूत?"

गर्दीत हशा पिकला. गॅसवाल्याने पडदा फाडला. आत पाने, ग्रीसने बरबटलेला एक माणूस आणि टोपलीभर चौदा दातांची जुनी चक्रं.

"ऐका," ताईंनी सांगितलं. "इंजिन आहे तेवढंच आहे. पुढचं चक्र लहान केलं की मागचं चाक एकदा फिरवायला इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. म्हणून चढावर ओढ वाढते. तेवढाच वेग जातो आणि पेट्रोल जळतं. कोणताही मिस्त्री हे अर्ध्या तासात करून देईल. डोळेही मिटावे लागणार नाहीत."

"पण माझा गुडघा बरा वाटतोय हो यांच्यामुळे," एक म्हातारी कुरकुरली.

पार्सलवाला तिच्याकडे बघत राहिला. मग गर्दीतून वाट काढत तो बायकोला दवाखान्यात न्यायला पळत सुटला. गाडी तिथेच राहिली.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. अर्धवट सोडलेल्या औषधाला रोगाचे जंतू निर्ढावतात, पहिल्या गोळ्या आता लागू पडणार नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. नवी औषधं सुरू झाली. पार्सलवाला घड्याळ समोर ठेवून तिला एकेक गोळी देऊ लागला.

"अहो, तुमचंही चुकलं, माझंही चुकलं," ती एकदा म्हणाली. "मलाही चढायचं होतं ना."

ज्याने पडद्याआड दोन दात कमी केले, त्याला फुप्फुसातलं काय कळणार, एवढा एक प्रश्न त्या रांगेत कुणी विचारला नाही. तुम्ही विचारा. डोळे मिटायला सांगणाऱ्यासमोर ते उघडे ठेवा. एक गोष्ट खरी करून दाखवली म्हणून दुसरी खरी धरू नका. आणि डॉक्टरांची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.

पुढच्या वर्षी मार्च महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी, पार्सलवाल्याची बायको वारली. तिचं वय चौतीस होतं.