कोणी नाही

दुपार कलत होती. इटोशाच्या अभयारण्यातली ती विराट, विवस्त्र, श्वेत खारभूमी क्षितिजापर्यंत पसरली होती. कधीकाळी कुण्या समुद्राने इथे प्राण सोडला असावा आणि त्याच्या अस्थी तेवढ्या उन्हात वाळत राहिल्या असाव्यात, तशी. आकाश इतके निळे की डोळ्यांत सलावे. भूमी इतकी शुभ्र की सावलीलाही तिथे उभे राहण्याचे धैर्य होऊ नये.

त्या शुभ्रतेच्या काठाकाठाने एक उंच, मातकट ट्रक चालला होता. काटेरी बाभळींमधून, वाळल्या सोनेरी गवतामधून, मोपानीच्या तांबूस पानांमधून. खिडक्यांशी सांगली-कोल्हापूरकडची माणसे बसली होती. केपटाऊनचा सपाट माथ्याचा पर्वत पाहून, नामिबच्या केशरी वाळूत पावले उमटवून ती आता श्वापदांच्या राज्यात आली होती. झेब्रे दिसले की टाळ्या पिटत होती, जिराफ दिसला की स्वतःच्याच माना उंच करीत होती.

मागच्या बाकावरची त्रिशला मात्र काही पाहत नव्हती. तिच्या शेजारी तिचे दाजी बसले होते, धनपाल मगदूम. तिच्या थोरल्या बहिणीचे, दिवंगत रत्नप्रभाचे पती. त्रिशला त्यांचा श्वास ऐकत होती. तो अजून चालतो आहे, एवढेच ऐकत होती.

रत्नप्रभाला कृष्णेच्या महापुराने नेले. मांडीचे हाड मोडून ती वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली, आणि पाणी एकेक पायरी जिना चढत आलेले. दाजींनी साऱ्या सांगलीला सांगितले, की मी तिला पाठीवर घेतली, पण धार फार होती, हातातला हात सुटला. सांगताना ते आपला उजवा तळहात उघडून दाखवीत. रिकामा, थरथरता तळहात. तो पाहून परक्यांचेही डोळे भरत. त्रिशलाने तर तो तळहात आपल्या कपाळाशी धरून रडून घेतले होते.

मन रमेल म्हणून दाजींनीच तिला या सफरीला बोलावले. तिने हो म्हटले. आणि मग, निघायच्या थोडे आधी, दाजींच्या समोरच्या घरातल्या मालनवहिनी बेळगावहून आपले उरलेसुरले सामान न्यायला आल्या. पुरानंतर त्या लेकीकडेच राहत होत्या. त्रिशलाला पाहताच त्यांचा बांध फुटला.

"बोट तुझ्या दाजींच्या गॅलरीला लागली होती गं. बोटवाल्यानं ओरडून विचारलं, आत अजून कोणी आहे का? दाजी म्हणाले, कोणी नाही. मी गच्चीवरनं आहे, आहे म्हणून बोंबलत होते. त्या पाण्याच्या आवाजात माझं कोण ऐकणार?"

कोणी नाही.

ते शब्द घेऊन त्रिशला विमानात बसली. ते शब्द घेऊन ती वाळवंटात चढली, उतरली. जिभेखाली ठेवलेल्या काचेच्या तुकड्यासारखे तिने ते सांभाळले. बोलली नाही, कारण बोलले की काच बाहेर पडते, आणि तिला ती बाहेर पडायला नको होती. तिला ती रुतवायची होती. कुठे, केव्हा, ते ठाऊक नव्हते. तिच्या अंतरंगात काहीतरी मूक, तृषार्त, चतुष्पाद होऊन येरझाऱ्या घालीत होते.

परवा तिन्हीसांजेला, तळावरच्या शेकोटीपाशी, दाजींनी पुन्हा तो तळहात उघडला होता. ज्वाळांच्या प्रकाशात तो केशरी दिसला. कोल्हापूरच्या शिंत्रेकाकूंनी पदराने डोळे टिपले आणि दाजींच्या ताटात आणखी खिचडी वाढली. "खा हो भाऊ. किती सोसलंत." दाजींनी मान खाली घातली आणि खाल्ली. त्यांचे हलणारे गाल त्रिशला एकटक पाहत राहिली.

आज सकाळी पाणवठ्यावर एक सिंहीण दिसली होती. गवतात गवत होऊन बसलेली, पिंगट, निश्चल, निर्घृण. समोर हरणे पाणी पीत होती आणि ती घाई करीत नव्हती. सारा ट्रक हरणांसाठी हळहळत होता. त्रिशला एकटी तिच्या बाजूने बसली होती.

सूर्य खाली झुकू लागला तसा ट्रक एका कुंपणाशी थांबला. आत पत्र्याची स्वच्छतागृहे होती. त्यापलीकडे सावली नाही, माणूस नाही. ड्रायव्हर आणि वाटाड्या एकच, तुहाफेनी नावाचा, उंच, शांत, इथलाच माणूस. त्याने साऱ्यांना साध्या इंग्रजीत बजावले, "कुंपण एका बाजूनं पडलंय. रेंगाळू नका. सूर्य बुडायच्या आत आपल्याला तळाचं फाटक गाठायचंय, नंतर ते उघडत नाहीत."

माणसे उतरली, चढली, उष्म्याने ग्लानी येऊन खिडक्यांना डोकी टेकून पेंगली. सर्वांत शेवटी दाजी उठले. "आलोच," म्हणाले. आपली टोपी बाकावर ठेवून गेले. पत्र्याचे दार लागले.

केबिनमधून मागे काही दिसत नसे. मागच्या बाकाच्या वर एक छोटा स्पीकर होता आणि बोलायला एक बटण. त्यातून तुहाफेनीचा खरखरता आवाज आला.

"मागं सगळे आले ना? बाहेर कोणी आहे का?"

ऊन थांबले. गवत थांबले. रक्त तेवढे थांबले नाही. ते कानशिलांत नगाऱ्यासारखे वाजू लागले. त्रिशलाने बटणावर बोट ठेवले.

"कोणी नाही," ती म्हणाली.

ट्रक निघाला. मागच्या काचेतून तिने पाहिले. पत्र्याचे दार उघडले. एक माणूस बाहेर आला, दचकला, धावला. त्याने हात वर केला, पंजा पसरला. उघडा, रिकामा, थरथरता तळहात. तो लहान झाला, बोटाएवढा झाला, मग पिवळ्या गवताने तो पुसून टाकला.

आणि एक आनंद तिच्यात उसळला. काळा, तप्त, मादक आनंद. फुलासारखा नव्हे, वणव्यासारखा. सारे अरण्य तिला एकाएकी दिसू लागले. बाभळीचा प्रत्येक काटा रुपेरी होता. आकाशात गिधाडे घिरट्या घालीत होती आणि त्यांची वर्तुळे तिला रांगोळीसारखी रेखीव वाटली. अक्का, ती मनात म्हणाली, बघ. बघ गं अक्का.

पुढे हत्तींचा कळप रस्ता ओलांडत होता. ट्रक थांबला. माती अंगावर घेतलेले, धूसर, पर्वतप्राय देह संथ चालले होते. माद्या मधे, पिले त्यांच्या पोटांखाली. इंजिन बंद झाले आणि त्या अफाट शांततेत त्रिशलाला एक विचार शिवला, आणि तो दयेचा नव्हता.

हा माणूस मेला, तर तो तळहात खरा ठरेल. सांगली त्याच्यासाठीही रडेल. बायको पुराने नेली, नवरा सिंहांनी, असे म्हणेल. शिंत्रेकाकू पुन्हा पदर लावतील. मेलेल्या तोंडातून काही वदवून घेता येत नाही. अक्काचे मरण त्या खोट्याखालीच पुरले जाईल, कायमचे.

नाही. एवढ्या स्वस्तात नाही.

तिने बटण दाबले. "गाडी वळवा. एक माणूस मागं राहिलाय."

सारा ट्रक खडबडून जागा झाला. "अगंबाई, मगदूम कुठायत?" शिंत्रेकाकू ओरडल्या. तुहाफेनी केबिनमधून उतरून मागच्या दारात आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी विचारलं होतं. तू कोणी नाही म्हणालीस."

"हो."

"चुकून?"

"नाही."

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि धावत जाऊन ट्रक वळवला.

परतीच्या वाटेवर प्रकाश तांब्याचा झाला होता. पडलेल्या कुंपणापाशी सिंहिणी पहुडल्या होत्या. त्यांतली एक आत शिरून पत्र्याच्या दारासमोर बसली होती. तिची शेपटी सावकाश, जवळजवळ प्रेमाने, जमिनीवर आपटत होती. आणि पत्र्याआडून एक फाटलेला, लेकरासारखा आवाज येत होता.

"आहे! आत आहे मी! आत माणूस आहे!"

तो आवाज ट्रकमधल्या साऱ्यांनी ऐकला. त्रिशला डोळे मिटून ऐकत होती.

तुहाफेनीने हॉर्न वाजवला, इंजिन गरजवले, ट्रकचे धूड थेट आत घातले. सिंहीण उठली, नाराजीने बाजूला झाली. ट्रकचे दार पत्र्याच्या दाराला भिडले आणि दाजी आत कोसळले. घामाने निथळलेले, कपाळ पत्र्यावर आपटून खरचटलेले, ओठ पांढरे.

"कोण म्हणालं त्याला निघ म्हणून?" त्यांना धाप लागली होती. "मी हात केला. कुणालाच दिसलो नाही?"

"मला दिसलात," त्रिशला म्हणाली. "त्यानं विचारलं, बाहेर कोणी आहे का. मी म्हटलं, कोणी नाही."

दाजी तिच्याकडे वळले. "मालननं सांगितलं."

"वरच्या खोलीत अक्का जागी होती, दाजी. बोटवाल्याची हाक तिनं ऐकली असणार. आणि तुमचं उत्तरही."

ट्रक पुन्हा चालू लागला होता. खिडक्यांतून संध्येचा रक्तिमा आत येऊन प्रत्येक चेहऱ्यावर बसला होता. दाजींनी साऱ्यांकडे पाहिले. एकेका चेहऱ्यापाशी थांबले, आणि कुठेच जागा मिळाली नाही.

"बोट भरली होती," ते म्हणाले. "काठोकाठ भरली होती गं. आत बाई आहे म्हटलं असतं, तर मला उतरवून तिला घेतलं असतं." मग अगदी हळू, "हात सुटला नाही. मी धरलाच नव्हता."

ते शिंत्रेकाकूंशेजारच्या रिकाम्या जागेवर बसायला गेले. काकूंनी आपली पिशवी उचलली आणि त्या जागेवर ठेवली. दाजी दांडीला धरून उभे राहिले. फाटक येईपर्यंत उभेच राहिले.

तळावर तुहाफेनी त्रिशलापाशी आला. "त्यानं केलं ते त्याच्यापाशी," तो म्हणाला. "पण तू ते माझ्या गाडीनं, माझ्या हातानं करवत होतीस. मला इथं तोंड दाखवायचं असतं. मी हे वर कळवणार."

"कळवा," ती म्हणाली, आणि तिने त्याच्यापुढे हात जोडले. साऱ्या प्रवासात तिने मागितलेली ती एकमेव क्षमा होती.

सकाळी दाजींना विंडहोकच्या विमानतळाकडे न्यायला एक छोटी मोटार आली. निरोप द्यायला कुणी तंबूबाहेर आले नाही. फक्त त्रिशला आली. एका रात्रीत त्यांचे खांदे उतरले होते.

"सांगलीत काय सांगू मी?" त्यांनी विचारले.

"काल सांगितलंत तेच."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मी येतेच आहे तुमच्या मागोमाग."

त्यांनी मान डोलावली. मोटारीचे दार लागले.

ती पांढऱ्या रस्त्याने गेली आणि तिच्यामागे धुळीचा एक दीर्घ, सुवर्णधूसर स्तंभ उभा राहिला. वारा नव्हता. मोटार दिसेनाशी झाली, तिचा आवाजही विरला, तरी धूळ तशीच उन्हात तोलून राहिली, उंच, जळजळीत, अधांतरी. मग ती उतरू लागली. काट्यांवर उतरली, गवतावर उतरली, त्रिशलाच्या केसांवर, पापण्यांवर, बंद ओठांवर उतरली. तिने ती झटकली नाही. कणाकणाने धूळ खाली येत राहिली, आणि ती उभी राहिली, पांढरी होत, पांढरी होत.