रात्रीचं उठणं

दुपारच्या चहानंतर नमिता पाण्याचा घोटही घ्यायची नाही. ओठ सुकायचे, जीभ टाळूला चिकटायची, तरी नाही. एवढं करूनही रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागायचं आणि दर वेळी भरपूर व्हायची. प्यायलेच नाही तर हे पाणी येतं कुठून, असा विचार करत ती अंधारात पडून राहायची.

तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी रात्रीचं उठणं, मग पायांवर सूज, मग दोन्ही किडन्या निकामी. शेवटची वर्षं नमिता आईला वाशीला डायलिसिसला घेऊन जायची. आईच्या हातातून निघालेली रक्ताची नळी मशीनमध्ये जाताना तिने इतक्यांदा पाहिली होती, की आता स्वतःच्या हाताची शीर दिसली तरी ती नजर फिरवायची. तपासून घ्यावं असं रोज वाटायचं. पण कागदावर लिहून आलं की ते खरं होईल, या भीतीने ती दवाखान्याची पायरी चढली नव्हती.

हे कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. कोपरखैरण्याजवळच्या बोनकोडे गावातल्या त्यांच्या घरात तळमजल्यावर भाडेकरू राहायचे, वर ती आणि नवरा. नंदकुमार द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर होता, कायमचा रात्रपाळीला. तो सकाळी यायचा, नाश्ता करून झोपायचा; सुट्टीच्या रात्रीही सवयीने बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून जागायचा. मुलगी भाविका लग्न होऊन नाशिकला गेलेली. नमिता रात्री कशी झोपते, हे गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं.

एके दिवशी भर सकाळी ती मासळी घेऊन स्कूटीवरून घरी येत होती. डोळे कधी मिटले ते तिला कळलंच नाही. “ओ मावशी!” असं कुणीतरी किंचाळलं आणि तिने डोळे उघडले, तर समोर दुभाजक. कचकन ब्रेक दाबला तरी पुढचं चाक कठड्यावर चढलं, स्कूटी आडवी झाली, बोंबील रस्त्यावर पसरले. मागून येणारा रिक्षावाला वेळेवर थांबला म्हणून बरं. त्यानेच तिला हात धरून फुटपाथवर बसवलं.

घरी आल्यावर नंदकुमारला तिने सांगितलं, वाळूवरून गाडी घसरली. रात्रभर उठावं लागतं म्हणून दिवसा डोळा लागतो, असा तिने स्वतःशीच हिशोब लावला. म्हणजे किडनीचंच. ते आता दिवसासुद्धा आपल्या मागे लागलंय, असं तिला वाटलं.

त्याच महिन्यात काशीताई राहायला आल्या. नंदकुमारची ही थोरली बहीण, उरणजवळच्या मोरा गावात दिलेली. नेरुळला डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तपासणीला पुन्हा पुन्हा जायचं होतं म्हणून भावाकडे थांबल्या. रात्री त्या नमिताच्याच खोलीत झोपल्या.

“नमे! नमे, उठ गो!”

कुणीतरी खांदे गदागदा हलवत होतं. नमिता धडपडत उठून बसली. छाती धडधडत होती, नाईटी घामाने भिजली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेल्या काशीताई तिच्यावर वाकल्या होत्या.

“काय झालं, ताई? डोळा दुखतोय का?”

“डोल्याला काय धाड भरलीय! तुझा सास बंद झालता. मना वाटला, तू गेलीस.”

“काहीतरीच. मला लघवीला लागली म्हणून जाग आली.”

“मी हाक मारली म्हनून तू उठलीस. मगासपासून बघते मी. जाम घोरतंस, मंग एकदम गप. छाती हलते, पन नाकातून वारा नाय. मंग मोठा आचका देऊन उठतंस नि मोरीत जातंस. दोनदा गेलीस ना? दोनी वेळेला तसाच झाला.”

आजवर नमिता किडनीला घाबरत होती. झोपेत आपण मरू शकतो, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. उरलेली रात्र ती भिंतीला टेकून बसून राहिली. पण बसल्या बसल्याच मान कलली, श्वास अडकला, आणि ती दचकून पुन्हा जागी झाली. या वेळी तिला स्वतःलाच कळलं. गळ्यावर कुणी हात दाबून धरल्यासारखं होतं, आणि मग एकदम हवा आत आली. पाठोपाठ लघवीची घाई.

सकाळी नंदकुमारने ते हसण्यावारी नेलं. “घोरते म्हणजे गाढ झोपते. ताई, तुला नवीन जागेत झोप लागत नाय, म्हणून असं वाटतं.”

“तू कवा झोपलायस रे तिच्याबाजूला?” काशीताईंनी विचारलं.

ऑपरेशनआधी काशीताईंची तपासणी करणाऱ्या डॉक्टर संघमित्रा कोपरखैरण्यातच बसत. काशीताईंनी नमिताला तिथे नेलं. श्वास थांबतो, एवढंच त्या सांगत होत्या. नमिता मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती.

डॉक्टरांनी तिचा गळा बघितला, मानेचा घेर मोजला, ब्लडप्रेशर घेतलं आणि विचारलं, “रात्री लघवीला किती वेळा उठता?”

हे नमिताने काशीताईंनासुद्धा आपण होऊन सांगितलं नव्हतं.

“तुमाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. झोपेत श्वास अडणाऱ्या पुष्कळ लोकांना हा त्रास असतो, म्हणून विचारलं.”

मग सगळंच बाहेर आलं. आई, डायलिसिस, पाणी बंद करणं, स्कूटी. बोलता बोलता ती रडायला लागली. डॉक्टरांनी तिला पाण्याचा ग्लास दिला आणि ती पीत नाही असं पाहून म्हणाल्या, “आधी हे प्या.”

मग त्यांनी समजावलं. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. छाती मात्र जोर लावून हवा ओढत राहते. त्या ताणाने हृदयाला वाटतं, शरीरात पाणी फार झालंय. ते किडनीला पाणी बाहेर टाकायचा निरोप देतं. “म्हणून रात्री एवढी लघवी होते. पण तुमच्या आईचं ऐकल्यावर किडनी आणि शुगर तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि सध्या गाडी चालवायची नाही.”

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचे होते. तो दिवस नमिताने कसा काढला, तिचं तिलाच ठाऊक. भात करपला. फोन वाजला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. शेवटी फोन काशीताईंनी घेतला, ऐकला, आणि म्हणाल्या, “किडनी चांगली हाय तुझी. साखर पन नाय.” नमिताने ते तीनदा वदवून घेतलं. तरी त्या रात्री उठल्यावर तिला वाटलं, लॅबवाल्यांनी नावं तर बदलली नसतील ना?

त्यानंतर घरीच झोपेची तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी. तासाला चाळीसहून जास्त वेळा तिचा श्वास अडत होता, आणि रक्तातला ऑक्सिजन फार खाली जात होता. या वेळी कागद नंदकुमारने वाचला. वाचून झाल्यावर तो खाली जाऊन जिन्यात बसून राहिला.

रात्री मास्क लावून, मशीनच्या हवेवर झोपायचं होतं. मशीन घरी आलं आणि त्याची नळी पाहून नमिताने मागे सरकून भिंत गाठली. “मशीन नको. मी नाय लावणार.” काशीताईंनी समजावलं, भाविकाने फोनवर समजावलं. पहिल्या रात्री हवेचा झोत नाकात शिरला तसा तिचा जीव घाबरला आणि तिने मास्क ओढून फेकला. दुसऱ्या रात्रीही तेच झालं. डॉक्टरांनी मास्क बदलून दिला, दिवसा टीव्ही बघताना थोडा वेळ लावायला सांगितला. काशीताई मोऱ्याला परत गेल्या. नंदकुमारने आठवडाभर रजा टाकली.

“तू झोप,” तो म्हणाला. “मी बघतोय.”

“काय बघणार?”

“श्वास.”

एकदा तिला जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. ती ताडकन उठून बसली. आपण रात्री एकदाही उठलो नाही! तिने आधी चादर चाचपली. कोरडी होती. मग तिला वाटलं, लघवी बंदच झाली की काय? मास्क काढून ती धावत बाथरूममध्ये गेली. सगळं नेहमीसारखं झालं.

बाहेर आली तेव्हा नंदकुमार खुर्चीतच बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“एकदा पन थांबला नाय,” तो म्हणाला. “पण आधी इतकी वर्षं मी घरात नसायचो, तेव्हा काही झालं असतं तर?”

नमिता त्याच्या बाजूला पलंगावर बसली आणि म्हणाली, “तुमी आता झोपा जरा. मी हाय इथे.”